जुन्या जीपला नवा क्लच

डोंगरातल्या वाड्यांना अजून जुन्या जीपगाडीचा आधार आहे. एस.टी. खालच्या फाट्यापर्यंत येते. तिथून वर कच्चा रस्ता. पावसाळ्यात त्या रस्त्याची माती वाहून जाते आणि दगड उघडे पडतात. साधी मोटार तिथे पोट घासते. जुनी जीप मात्र चढते. तिच्यातून दुधाचे कॅन खाली जातात, खताची पोती वर येतात. रात्री कुणी बाई अडली, कुणाला साप चावला, तर तीच जीप दारात उभी राहते.

अशी गाडी चढावर हटून बसली म्हणजे काय होते, ते वाडीतल्या माणसांना सांगायला नको. इंजिन गरगर फिरते, आवाज वाढतो, पण गाडी पुढे सरकत नाही. मग जळका वास येतो. ड्रायव्हर म्हणतो, "क्लच गेला."

दुसऱ्या दिवशी मालक तालुक्याला जातो. दुकानदार तीन-चार खोकी समोर ठेवतो. एक स्वस्त, एक महाग, एक "ट्रॅक्टरवाला". "कोणता देऊ?" असे विचारतो. मालक गोंधळतो आणि मधल्या किमतीचा उचलतो. हजारो रुपये जातात. गाडी दोन-तीन दिवस दुरुस्तीत पडून राहते. आणि चूक झाली असेल तर पुन्हा तोच खर्च!

म्हणून आज आपण क्लचची माहिती घेऊ. आम्ही काही मिस्त्री नव्हे. शाळेत घर्षणाचा धडा शिकवीत आलो, इतकेच. पण निवृत्त झाल्यावर गॅरेजच्या ओट्यावर बसायला वेळ भरपूर मिळाला. क्लच म्हणजे दुसरे काही नाही, तोच घर्षणाचा धडा लोखंडात उतरवलेला आहे.

क्लच काय करतो?

इंजिन सुरू असले की ते सारखे फिरत असते. थांबवले तर बंद पडते. गाडी मात्र आपल्याला थांबवावी लागते, हळू करावी लागते, गिअर बदलावा लागतो. तेव्हा इंजिन आणि गिअर यांची गाठ हवी तेव्हा सोडता आली पाहिजे आणि हवी तेव्हा बांधता आली पाहिजे. ती गाठ म्हणजे क्लच.

दोन तळहातांच्या मधे एक भाकरी धरा. तळहात घट्ट दाबून फिरवले तर भाकरीही फिरते. हात सैल केले तर हात फिरतात, भाकरी जागेवर राहते. क्लचही असाच आहे. इंजिनच्या मागे एक जड लोखंडी चाक असते, त्याला फ्लायव्हील म्हणतात. हा एक तळहात. त्या चाकावर बोल्टांनी बसवलेली, आत स्प्रिंगा असलेली एक ताटली असते, ती प्रेशर प्लेट. हा दुसरा तळहात. मधली भाकरी म्हणजे क्लच प्लेट. तिच्या दोन्ही बाजूंना खरखरीत अस्तर असते, त्याला लायनिंग म्हणतात. तिच्या मधोमध दातेरी भोक असते. त्या भोकात गिअरबॉक्सची दातेरी दांडी बसते.

पाय पेडलवर नसतो, तेव्हा स्प्रिंगा भाकरी दाबून धरतात. सगळे मिळून फिरते. पेडल दाबले की एक बेअरिंग पुढे सरकते आणि प्रेशर प्लेटची बोटे दाबते. मग दाब सुटतो, भाकरी मोकळी होते. या बेअरिंगला गॅरेजमध्ये क्लच बेअरिंग म्हणतात. आणखी एक छोटी वस्तू आहे. गिअरच्या दांडीचे टोक फ्लायव्हीलच्या मधल्या एका लहानशा बुशात टेकलेले असते. तो पायलट बुश. किमतीला फार थोडा, पण तो अडकला तर भल्याभल्यांना फसवतो. त्याचे पुढे येईलच.

आता ही पकड किती जोराची, ते कशावर ठरते? पहिले, स्प्रिंगांचा दाब. दुसरे, अस्तर किती खरखरीत आहे. तिसरे, पकड मध्यापासून किती लांब आहे. जात्याचा खुंटा कडेला का असतो? मधे असता तर जाते फिरवता फिरवता बाईचा दम निघाला असता. लांबून धरले की थोड्या बळात काम होते. म्हणून मोठ्या व्यासाची प्लेट तेवढ्याच दाबाने जास्त पकडते. या तीन गोष्टी ध्यानात ठेवा. दुकानदार जे जे विकतो, ते या तीनपैकी काही ना काही वाढवून विकतो.

आधी खरेच क्लच गेला आहे का?

हे आम्ही मुद्दाम लांबवून सांगणार आहोत. कारण चांगला क्लच काढून फेकलेला आम्ही कितीदा तरी पाहिला आहे.

पेडल हाताने हळूच दाबून पाहा. सुरुवातीला ते थोडे सैल जायला हवे आणि मग जड लागायला हवे. या सैलपणाला फ्री प्ले म्हणतात. तार किंवा दांडीवर चालणाऱ्या बहुतेक जुन्या जीपना तो साधारण एक इंचाच्या आसपास असतो. तुमच्या गाडीच्या पुस्तकात नेमका आकडा असेल, तो खरा धरावा. अस्तर झिजत जाते तसा हा सैलपणा आपोआप कमी होतो. तो मुळीच उरला नाही, तर बेअरिंग बोटांवर कायम दाबून राहते. म्हणजे तुमचा पाय पेडलवर नसला तरी क्लच अर्धवट दाबलेलाच! मग तो घसरणार नाही तर काय होणार? अशा वेळी पान्याने तारेचा किंवा दांडीचा नट थोडा सैल केला की गाडी पुन्हा ओढू लागते. खर्च नाही. पण घसरत्या क्लचवर महिनाभर गाडी हाकली, तर अस्तर जळते आणि मग खर्च चुकत नाही.

सैलपणा बरोबर आहे आणि तरी शंका आहे, तर आणखी एक परीक्षा करा. सपाट जागी गाडी उभी करा. हँडब्रेक ओढा, चाकांच्या पुढेमागे मोठे दगड लावा. गाडीपुढे माणूस किंवा मूल उभे राहू देऊ नका. इंजिन सुरू करून सर्वांत वरचा गिअर टाका आणि पेडल सावकाश सोडा. क्लच चांगला असेल तर इंजिन धक्का खाऊन तिथल्या तिथे बंद पडेल. पेडल पूर्ण सोडूनही इंजिन चालूच राहिले, तर क्लच घसरतो आहे. ही परीक्षा एकदाच करायची. पुन्हा पुन्हा करून पाहिली तर उरलेला क्लचही जळेल.

कधी उलटा रोग असतो. क्लच सुटतच नाही. पेडल पूर्ण दाबले तरी गिअर खरखरतो, पडत नाही. पावसाळाभर जीप उभी ठेवली असेल, तर अस्तर गंजून फ्लायव्हीलला चिकटून बसते. ओढ्याच्या पाण्यातून गेलेल्या गाडीचेही असेच होते. तो क्लच बाद झालेला नसतो, चिकटलेला असतो. कधी पायलट बुश जाम होऊन दांडीला धरून ठेवतो. काही गाड्यांना तार नसते, क्लच तेलाच्या दाबावर चालतो. त्यात हवा शिरली किंवा तेल गळले तरी पेडल पोकळ लागते. तिथे प्लेट बदलून काय उपयोग? दुखते डोके आणि पट्टी गुडघ्याला, असली तऱ्हा.

आवाजही सांगतो, पण कान द्यायला हवा. पेडलवर हलकेच पाय ठेवताच घरघर सुरू झाली, तर क्लच बेअरिंगवर संशय घ्यावा. पेडल सोडलेले असताना घरघर येते आणि दाबताच थांबते, तर रोग बहुधा गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगचा आहे. आणि गाडी सुटताना थरथर कापत असेल, तर अस्तराला तेल लागले आहे का ते पाहावे. त्याच वेळी इंजिनाखालचे रबरही पाहावे. ते फाटले असले तरी गाडी तशीच थरथरते.

आपली जीप नेमकी कोणती?

जीप मूळची अमेरिकेची. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ सालापासून, विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी ती सैन्यासाठी बनवली. युद्ध संपल्यावर तीच गाडी शेतीसाठी आणि रानावनात हिंडण्यासाठी विकली जाऊ लागली. आपल्याकडे महिंद्रा कंपनीने मुंबईत तिची जोडणी सुरू केली. १९५३ साली अमेरिकेत सी.जे. ३ बी नावाची जीप निघाली. तिचे इंजिन उंच, म्हणून बॉनेटही उंच करावे लागले. तीच उंच नाकाची जीप आपल्याकडे वर्षानुवर्षे बनत राहिली. जुन्या लोकांच्या डोळ्यांसमोर जीप म्हटले की तीच येते.

तिचे मूळ इंजिन पेट्रोलचे. पण पेट्रोल महाग, म्हणून पुष्कळ मालकांनी ते काढून डिझेल इंजिन घातले. पुढे कंपनीनेही डिझेल इंजिनाच्या जीपा काढल्या. कुणाला इंटरनॅशनल जातीचे इंजिन, कुणाला प्यूजो जातीचे. गिअरबॉक्सही कधी तीन गिअरचा, कधी चारचा. त्यातून गाडी तीन-चार मालकांच्या हातांतून गेलेली. आज वाडीत उभी असलेली जीप बाहेरून एक दिसते आणि आतून तीन गाड्यांची मिळून झालेली असते.

म्हणून दुकानात जाऊन नुसते "जीपचा क्लच द्या" म्हणणे हे लग्नात जाऊन "पाव्हण्याला बोलवा" म्हणण्यासारखे आहे. कोणता पाव्हणा?

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. सगळ्या निवडीचे मर्म इथे आहे. क्लच प्लेटला दोन नाती असतात. तिचा व्यास इंजिनच्या फ्लायव्हीलशी जुळला पाहिजे. तिच्या मधल्या भोकाचे दाते गिअरबॉक्सच्या दांडीशी जुळले पाहिजेत. प्रेशर प्लेटचे नाते फ्लायव्हीलशी, कारण तिच्या बोल्टांची भोके तिथे बसायची असतात. आणि क्लच बेअरिंगचे नाते प्रेशर प्लेटच्या बोटांशी. इंजिन एका जातीचे आणि गिअरबॉक्स दुसऱ्या जातीचा असेल, तर एका खोक्यातला तयार संच जुळेलच असे नाही.

यावर उपाय अगदी सोपा आहे. गिअरबॉक्स खाली उतरवल्याशिवाय नवा माल विकत घेऊच नका. जुनी प्लेट, जुनी प्रेशर प्लेट आणि जुने बेअरिंग, तिन्ही एका पोत्यात घाला आणि दुकानात न्या. काउंटरवर जुन्याशेजारी नवे ठेवा. व्यास पट्टीने मोजा. भोकातले दाते बोट लावून मोजा. दाते तेवढेच असले तरी भोक लहानमोठे असू शकते. म्हणून शक्य असेल तर गिअरबॉक्सच्या दांडीवर नवी प्लेट सरकवून पाहावी. ती हाताने सहज सरकली पाहिजे आणि डुगडुगता कामा नये. प्लेटच्या मध्याची जाडी आणि प्रेशर प्लेटच्या बोटांची उंचीही जुन्याशी ताडून पाहा. दुकानदार घाई करील, मागे गिऱ्हाईक उभे आहे म्हणेल. त्याला म्हणावे, "शेठ, पैसे आमचे आहेत, जरा थांबा."

मोठी प्लेट घ्यावी का?

विलीजच्या चार सिलिंडरच्या इंजिनाला साडेआठ इंची क्लच असतो आणि जड कामासाठी सव्वानऊ इंचीही असतो. मग मोठाच घ्यावा की! हिशेब करून पाहू. साडेआठवरून सव्वानऊ म्हणजे पाऊण इंच वाढ. दाब आणि अस्तर तेच ठेवले, तर पकड वाढते साधारण रुपयाला नऊ पैसे. शिवाय अस्तराची जागा वाढते, म्हणून उष्णता पसरते आणि प्लेट जास्त दिवस टिकते. ओझे वाहणाऱ्या, घाट चढणाऱ्या गाडीला हा फायदा घेण्याजोगा आहे. पण अट एकच. फ्लायव्हीलवर तेवढी सपाट जागा हवी आणि मोठ्या प्रेशर प्लेटच्या बोल्टांची भोके तिथे हवीत. नसतील तर फ्लायव्हीलही बदलावा लागेल. तो खर्च धरला तर पुष्कळांना साडेआठ इंचीच परवडतो. पेट्रोलचे मूळ इंजिन असेल आणि गाडी बेताने हाकली, तर तो पुरतो.

अस्तराची गोष्ट निराळी. साधे अस्तर तंतू आणि राळ एकत्र दाबून केलेले असते, काहींत पितळेच्या किंवा तांब्याच्या तारा असतात. ते मऊ धरते. पेडल हळूहळू सोडले की गाडी अलगद निघते. दुसऱ्या जातीत अस्तराऐवजी धातूच्या भुकटीच्या आणि चिनी मातीसारख्या कठीण द्रव्याच्या वड्या बसवलेल्या असतात. ट्रॅक्टरला या बऱ्याच वेळा असतात. त्या उष्णता जास्त सोसतात, जोराने धरतात, पण एकदम धरतात. मधली अवस्थाच नाही. गाडी हिसका देऊन सुटते. तो हिसका गिअरच्या दात्यांना बसतो, ॲक्सलला बसतो. आणि मागे बसलेल्या आजारी माणसालाही बसतो.

आमच्या माहितीच्या एका वाडीत असेच झाले. मालकाच्या मेहुण्याचा ट्रॅक्टर. मेहुणा म्हणाला, "दाजी, वड्यांचीच प्लेट घाला, आणि कडक स्प्रिंगांची प्रेशर प्लेट. जन्मात बघायला नको." घातली. पकड बेफाम झाली. पण पेडल इतके जड झाले की ड्रायव्हरचा गुडघा संध्याकाळी दुखू लागला. जुनी तार तेवढा ताण कुठवर सोसणार? पंधरवड्यात ती घाटाच्या वळणावर तुटली. नशीब असे की गाडीत रुग्ण नव्हता. दूध होते, ते नासले. नंतर त्याने साधी प्लेट आणि नेमातली प्रेशर प्लेट घातली आणि गाडी मुकाट्याने चालू लागली.

कडक स्प्रिंगांचा आणखी एक तोटा डोळ्यांना दिसत नाही. पेडल दाबताना तेवढाच जोर इंजिनच्या मुख्य दांडीला पुढे ढकलतो. ती दांडी जागेवर धरणारे बेअरिंग त्याने लवकर झिजते. क्लच वाचवायला जाऊन इंजिन खाली उतरवायची पाळी येते. आमचे मत विचाराल, तर वाडीच्या जीपला साधे अस्तर आणि कंपनीच्या मूळ मापाचा दाब हेच बरे. वड्यांची प्लेट शर्यतीला आणि नांगराला ठेवावी.

प्रेशर प्लेटचे दोन प्रकार दिसतात. जुन्या प्रकारात गोल गुंडाळलेल्या अनेक स्प्रिंगा आणि तीन बोटे असतात. नव्या प्रकारात सूर्यफुलाच्या पाकळ्यांसारखी एकच पसरट स्प्रिंग असते, तिला डायफ्राम म्हणतात. पसरट प्रकाराचे पेडल हलके लागते. अस्तर झिजले तरी तिचा दाब फारसा कमी होत नाही. गुंडाळलेल्या स्प्रिंगांचा दाब मात्र अस्तराबरोबर कमी कमी होत जातो. तुमच्या फ्लायव्हीलला बसणारी पसरट प्रकाराची प्लेट मिळत असेल तर ती अवश्य घ्यावी. पण तिच्या पाकळ्यांना चालेल असेच बेअरिंग बरोबर घ्यावे. तीन बोटांचे बेअरिंग तिथे चालेलच असे नाही.

जुनीच नवी करून घ्यावी का?

तालुक्याला जुन्या प्लेटवर नवे अस्तर रिव्हेट मारून देणारे कारागीर असतात. पैसे वाचतात. काम वाईट असते असेही नाही. पण अस्तर कुणाच्या अंगावर चढवतो आहोत, ते आधी पाहावे. प्लेटच्या मधल्या भागात लहान लहान स्प्रिंगा असतात. त्या धक्का सोसतात. प्लेट कानाशी धरून हलवा. त्या खुळखुळत असतील, तर प्लेट बाद. भोकाचे दाते झिजून टोकदार झाले असतील, तर बाद. पत्रा वाकडा असेल, तर बाद. यांपैकी काही नसेल, तर नवे अस्तर लावायला हरकत नाही.

प्रेशर प्लेटच्या बाबतीत आम्ही एवढे उदार नाही. क्लच जळतो तेव्हा तिची स्प्रिंगही भाजते. भाजलेल्या पोलादाचा ताण जातो. रंग देऊन ती नव्यासारखी दिसते, पण दाब परत येत नाही. लोखंडावर निळे डाग आणि बारीक तडे दिसले तर ती घेऊ नये. रंगवलेला जुना माल नव्या खोक्यातही येतो. म्हणून पक्की पावती मागावी आणि खोक्यावरचा व मालावरचा नंबर एकच आहे ना ते वाचून पाहावे. आता तुम्हांला वाचता येते, ते असल्याच वेळी कामाला आणायचे.

बेअरिंग आणि पायलट बुश मात्र दर वेळी नवेच घालावेत. त्यांची किंमत गिअरबॉक्स पुन्हा उतरवण्याच्या मजुरीपुढे काहीच नाही.

बसवण्याआधी

जुनी प्लेट तेलकट निघाली, तर तिथेच थांबा. तेल आले कुठून? इंजिनच्या मागच्या सीलमधून की गिअरबॉक्सच्या पुढच्या तोंडातून? ती गळती बंद केल्याशिवाय नवी प्लेट घालू नका. घातली तर आठवड्यात तीही तेलकट होईल. जुन्या जीपचे हे दुखणे फार नेहमीचे आहे, आणि मिस्त्री घाईत ते टाळून जातात.

फ्लायव्हीलवरून हात फिरवा. खाचा असतील, निळे डाग असतील तर लेथवर पातळसा थर तासून घ्यावा. काही फ्लायव्हीलना कडेला पायरी असते. तिथे दोन्ही पातळ्या सारख्याच तासाव्या लागतात. एकच तासली तर दाबाचे माप चुकते. खोल तडे असतील तर तो फ्लायव्हील वापरू नये. जोराने फिरताना तो फुटला तर पाय जाईल.

आता फार महत्त्वाचे सांगतो. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस नावाच्या खनिजाचे तंतू असत. ती धूळ श्वासाबरोबर छातीत गेली की तिथेच राहते. वीस-तीस वर्षांनी फुप्फुसाचे आजार होतात, कर्करोगही होतो. युरोपीय संघातल्या देशांनी २००५ पर्यंत ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली. तुमच्या गाडीतल्या जुन्या अस्तरात ते आहे की नाही, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. म्हणून आहे असेच धरून चालावे. क्लचच्या डब्यातली काळी धूळ हवेच्या नळीने उडवू नये, फुंकू नये, कोरड्या फडक्याने झटकू नये. पाण्याने भिजवून ओल्या फडक्याने पुसावी. ते फडके पिशवीत बांधून टाकावे, चुलीत घालू नये. तोंडाला नुसता रुमाल पुरत नाही, नाकावर घट्ट बसणारा धुळीचा मुखवटा लावावा. गॅरेजातला पोऱ्या हे काम करीत असतो. तो पोऱ्या कुणाचा तरी मुलगा आहे. मालकाने तिथे उभे राहून एवढे सांगितलेच पाहिजे. नवे अस्तर घेतानाही "ॲस्बेस्टॉस नसलेले" असे खोक्यावर पाहून घ्यावे.

बसवण्याचे काम मिस्त्रीचे, त्यात फार शिरत नाही. दोन गोष्टींवर तेवढी नजर ठेवा. प्लेटची कोणती बाजू इंजिनकडे जाते ते तिच्यावर बहुधा लिहिलेले असते. उलटी बसली तर क्लच सुटत नाही. आणि गिअरबॉक्स वर चढवताना त्याचे वजन प्लेटवर लोंबकळू देऊ नये. खाली जॅक हवा. नाहीतर कोरी प्लेट बसवतानाच वाकते.

चालवताना

नव्या क्लचला पहिले चार-पाचशे किलोमीटर बेताने घ्यावे. पूर्ण ओझे भरून लगेच घाट चढू नये. अस्तर आणि लोखंड एकमेकांना घासून सारखे व्हावे लागतात, तोवर पकड पुरी येत नाही. ड्रायव्हरने पेडलवर पाय टेकून बसायची सवय सोडावी. चढावर गाडी धरून ठेवायला ब्रेक आहे. क्लच अर्धा दाबून गाडी तोलून धरणे ही हुशारी नव्हे, ती अस्तराची होळी आहे.

चिखलात किंवा उभ्या चढणीला मोठ्या दांडीशेजारच्या लहान दांड्या वापराव्यात. पुढची चाके जोडून लो गिअर टाकला की विलीजच्या जातीच्या जीपमध्ये चाकांवरचा जोर सुमारे अडीचपट होतो आणि क्लचवरचा भार तेवढा हलका होतो. पुष्कळ ड्रायव्हर त्या दांड्यांना हातच लावत नाहीत. "गुरुजी, त्या गंजल्यात," असे आम्हांला एकाने सांगितले. मग आधी त्या सोडवून घ्या, क्लच नंतर आणा, असे आम्ही त्याला म्हटले.

चारशे-पाचशे किलोमीटर झाल्यावर पेडलचा सैलपणा पुन्हा मोजावा. नवे अस्तर बसते तसा तो थोडा कमी झालेला असतो. पान्याने तो पुन्हा मापावर आणावा आणि ती तारीख व किलोमीटरचा आकडा गाडीच्या वहीत लिहून ठेवावा. नव्या प्लेटचा नंबर, व्यास आणि दात्यांची संख्याही त्याच पानावर लिहावी. पुढच्या वेळी जुनी प्लेट जळून ओळखू येईनाशी झाली, तर दुकानात ती वही दाखवता येईल.